रास्पबेरी पायची फोटोफ्रेम दहा मिनिटांत काळी पडते? माझा अनुभव

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला स्क्रीन जोडून मी फोटोफ्रेम केली आहे. लक्षण असं: स्लाइडशो छान सुरू होतो, साधारण १० मिनिटांनी स्क्रीन काळी. माऊस हलवला की लगेच उजळते आणि फोटो बराच पुढे गेलेला असतो. म्हणजे स्लाइडशो चालूच असतो, फक्त डिस्प्ले झोपतो.

एचडीएमआय केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, ऑटोस्टार्ट फाइलमध्ये (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) स्क्रीन झोपू न देणाऱ्या ‘एक्ससेट’ आज्ञेच्या ओळी घातल्या. ढिम्म! वैताग आला.

‘एक्ससेट’ हे एक्स११ चं, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीचं हत्यार. रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ मधल्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून पाय ४ आणि ५ वरचा डेस्कटॉप वेलँड या नव्या प्रणालीवर चालतो, तिथे त्या ओळींना कोणी विचारत नाही. जुने सल्ले बहुतेक तिथेच फसतात.

चाललं ते असं. आधी त्या ओळी काढल्या. मग टर्मिनलमध्ये ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ (सेटिंग्जचा मेनू उघडतो), त्यात ‘डिस्प्ले ऑप्शन्स’, त्यात ‘स्क्रीन ब्लँकिंग’, म्हणजे काही वेळाने स्क्रीन आपोआप काळी होणं. विचारलं की ‘नो’ निवडायचं. ‘येस’ म्हणजे ब्लँकिंग चालू, घाईत इथे गफलत होते. शेवटी ‘फिनिश’ आणि रीबूट, तो टाळू नका. तपासताना माऊस काढूनच ठेवा, नाहीतर टेबलाला धक्का लागला तरी वेळ पुन्हा शून्यापासून मोजली जाते.

रात्री स्क्रीन मुद्दाम बंद हवी असेल तर ते काम ‘डब्ल्यूएलआर-रँडआर’ने (वेलँडवर डिस्प्ले चालू-बंद करणारी आज्ञा) करा, ब्लँकिंग परत चालू करून नाही.