अग्निवीर भरतीचं ग्राउंड : सोळाशेच्या नादात होणाऱ्या चुका

अग्निवीर जनरल ड्युटीची मैदानी चाचणी १०० गुणांची. त्यातले ६० धावण्याला, ४० बीमला, म्हणजे आडव्या दांड्यावरच्या पुलअप्सना. १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत काढलं की पूर्ण ६०, ५:४५ पर्यंत ४८. बीमवर दहा पुलअप्सना ४०, आठला २७. जरा हिशेब करा. धावण्यात पहिला, साडेपाच मिनिटांचा गट हुकला तर १२ गुण जातात, बीमवर दोन कमी पडले तर १३. तरी पोरं महिनोन्‌महिने नुसतं सोळाशे मीटर मारतात आणि बीमकडे शेवटच्या पंधरवड्यात वळतात. एवढ्यात पाठीत आणि दंडात ताकद येत नाही. पहिल्या दिवसापासून धावून झाल्यावर, दमलेल्या अंगानेच बीमला लटका. हात पूर्ण सरळ, हनुवटी दांड्याच्या वर, झटका नाही. झटक्याने काढलेला बीम मोजत नाहीत.

धावण्यातली मोठी चूक पहिल्या फेरीत होते. घोळक्यासोबत सुसाट सुटायचं आणि तिसऱ्या फेरीत पाय जड. ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेपाच मिनिटं म्हणजे फेरीला साधारण ८२ सेकंद. हाच वेग पायात बसवा.

नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्सला (नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) गुण नाहीत, पण पार करावेच लागतात. आठवड्यातून दोनदा सराव पुरे.

नडगी दुखायला लागली की वेदनाशामक गोळी घेऊन पळणं, हे मात्र कृपा करून थांबवा. डांबरी रस्त्यावर रोजचं पळणं अचानक वाढवलं की हाडाला बारीक चीर जाऊ शकते. बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल तर धावणं बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच.

खरी उणीव मला निकषातच दिसते. ही चाचणी मोकळ्या अंगाने घेतात. सैन्यात गेल्यावर मात्र बीपीईटीमध्ये, म्हणजे जवानांच्या लढाऊ शारीरिक क्षमता चाचणीत, रायफल आणि पाठीवर सामान घेऊन ५ किलोमीटर पळायचं, दोर चढायचा. जवानाचं काम ओझं वाहण्याचं आहे, म्हणून भरतीतही वजन घेऊन चालण्याची कसोटी असायला हवी. तशी ती येईपर्यंत तयारी तुम्हीच करा. रविवारी ५ किलोची सॅक पाठीवर घेऊन चढावर चाला, पळू नका. वजन हळूहळूच वाढवा.