ट्रकमालकाची ऑफर कशी तोलावी: एक्स्पेडाइटमध्ये उतरणाऱ्या जोडीसाठी

मालकाचा फोन आला की पहिल्या दोन मिनिटांत टक्केवारी येते. ‘साठ तुमचे, चाळीस माझे.’ ऐकायला बरं वाटतं. मी आणि माझा नवरा अमेरिकेत मोठा ट्रेलर ओढायचं सोडून एक्स्पेडाइटकडे, म्हणजे तातडीचा माल थेट पोचवण्याच्या कामाकडे, वळलो तेव्हा आम्हालाही ते साठ पुरेसे वाटले होते. ते नेमके कशातले साठ, हे कळायला तीन महिने वहीत हिशेब लिहावा लागला. तीच वही समोर ठेवून हे लिहितेय. अमेरिकेत ट्रक चालवणारी मराठी जोडपी आता अधूनमधून भेटतात, विचारतात. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते ते इथे एका जागी.

आधी धंद्याचं स्वरूप. डेट्रॉइट, ओहायो, केंटकी इथल्या मोटारींच्या कारखान्यांत सुटे भाग लागतील तसे मागवतात, साठा जवळजवळ नसतो. एक पार्ट आला नाही तर अख्खी लाइन थांबते. अशा वेळी दोन पॅलेटसाठीसुद्धा स्वतंत्र ट्रक पाठवतात. कायद्याने एका ड्रायव्हरला सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं. दोघं असले की एक स्लीपरमध्ये (केबिनमागच्या झोपायच्या खोलीत) झोपतो, दुसरा चालवतो आणि ट्रक थांबत नाही. लारेडोच्या सीमेवरून डेट्रॉइट सुमारे १६०० मैल. एकट्याला तीन दिवस, जोडीला दीड. तुमची किंमत आहे ती या फरकाची.

ट्रक बहुधा स्ट्रेट ट्रक असतो, म्हणजे केबिन, स्लीपर आणि माल भरायचा बॉक्स एकाच चासीवर. तो विकत घेतो मालक, लावतो एखाद्या कॅरियर कंपनीकडे (लोड मिळवून देणारी वाहतूक कंपनी) आणि चालवायला बसवतो तुम्हाला. कॅरियर मालकाला पैसे देतं, मालक तुम्हाला. ऑफर तोलायची म्हणजे या तिन्ही गाठी तपासायच्या.

पहिलं पाऊल: घरचं गणित आणि कागद

महिन्याचा घरखर्च लिहून काढा आणि निदान दोन महिन्यांचा बाजूला ठेवा. एक्स्पेडाइटमध्ये काम सलग मिळत नाही. जुलैमध्ये मोटार कारखाने काही दिवस बंद ठेवतात, नाताळनंतरचे आठवडेही थंड जातात. हाताशी पैसे नसलेली जोडी पडेल तो लोड घेते आणि पडेल त्या मालकाकडे जाते.

परवान्याबद्दल थोडंच. ट्रकचं ठरवून दिलेलं एकूण वजन २६,००० पौंडांवर गेलं की कमर्शियल परवाना लागतो, आणि मोठ्या स्लीपरचे बरेच ट्रक ३३,००० पौंडांचे असतात. ट्रेलर चालवलेल्यांना अडचण नाही. पण हॅझमॅटचा, म्हणजे घातक माल नेण्याच्या परवानगीचा, शिक्का दोघांच्याही परवान्यावर घ्या. त्यासाठी सरकारी पार्श्वभूमी तपासणी होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून मालकाशी बोलणी सुरू करण्याआधीच अर्ज टाका. एकाकडे असून भागत नाही. हॅझमॅटचा लोड असताना चाकावर बसणाऱ्या प्रत्येकाकडे तो लागतो.

दुसरं पाऊल: मालकाआधी कॅरियर बघा

मालक ट्रकचे फोटो पाठवतो. तुम्ही त्याला कॅरियरचा डीओटी नंबर (वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) विचारा. ट्रकवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या एफएमसीएसए या संघीय संस्थेच्या ‘सेफर’ संकेतस्थळावर तो टाकला की किती ट्रक आहेत, अपघातांची नोंद काय, तपासणीत किती गाड्या जागीच थांबवल्या गेल्या आणि देशाची सरासरी किती, हे फुकट दिसतं. रस्त्यावरच्या तपासणीत कॅरियरचं नाव खराब असेल तर वजनकाट्यावर तुम्हालाही वरचेवर आत बोलावतात, आणि त्यात गेलेला वेळ तुमचा असतो.

मग विचारा: लोड नाकारला तर काय होतं? काही ठिकाणी रांगेत मागे टाकतात, काही ठिकाणी स्वीकृतीचं प्रमाण मोजतात. नाकारण्याचा निर्णय तुमचा की मालकाचा, हेही त्याच दमात विचारून घ्या. मालक दुसऱ्या राज्यात बसून ‘घ्याच’ म्हणणार असेल तर ते आज कळलेलं बरं.

तिसरं पाऊल: साठ-चाळीस फोडून बघा

इथे घाई करू नका, बाकी सगळं यावर उभं आहे.

साधारण दोन रिवाज आहेत. एकात जोडीला ६० टक्के आणि डिझेल जोडीचं. दुसऱ्यात जोडीला ४० टक्के आणि डिझेल मालकाचं. शिवाय ग्राहकाकडून फ्युएल सरचार्ज (डिझेलपोटी भाड्यावर वेगळी रक्कम) येतो, तो कोणाचा हे वेगळं ठरतं.

समजा, कॅरियरचा हिस्सा गेल्यावर एका आठवड्यात ट्रकच्या वाट्याला भाड्याचे ४२०० डॉलर आले आणि सरचार्जचे ५००. भरलेले मैल २२००, रिकामे ७००, एकूण २९००. ट्रक गॅलनला ९ मैल देतो, डिझेल ४ डॉलर. म्हणजे सुमारे ३२२ गॅलन, जवळजवळ १२९० डॉलर. आकडे मी हिशेबापुरते घेतलेत. तुम्ही तुमचे घाला.

साठ टक्क्यांचे २५२० होतात. सरचार्ज तुमचा असेल तर डिझेल वजा जाता हातात राहतात १७३०. चाळीस टक्क्यांचे होतात १६८०. फरक पन्नास डॉलरचा. आता सरचार्ज मालक ठेवून घेतो असं धरा. साठवाली जोडी घसरते १२३० वर, चाळीसवालीपेक्षा साडेचारशेने खाली. ‘साठ’ हा आकडा तेवढाच राहिला, घरी येणारे पैसे राहिले नाहीत.

अजून एक पायरी उतरा. त्याच आठवड्यात रिकामे मैल ७०० ऐवजी १२०० झाले तर डिझेल १५१० डॉलरपर्यंत जातं. सरचार्ज मिळूनही साठवाल्यांकडे उरतात १५१०, चाळीसवाले आपले १६८० वर. रिकाम्या मैलांचा भार डिझेल भरणाऱ्यावर पडतो, दुसऱ्याला तो जाणवतही नाही.

म्हणून मी नेहमी विचारते की माल उतरवल्यावर ट्रक कुठे हलवायचा हे कोण ठरवणार. मेन राज्यात किंवा फ्लोरिडाच्या टोकाला लोड टाकला की परतीचं काम क्वचित मिळतं. दोनशे-तीनशे मैल रिकामं येऊन बसावं लागतं. डिझेल तुमचं असेल तर हलायचं की नाही हे तुम्हीच ठरवलं पाहिजे. डिझेल मालकाचं असेल तर तो ‘तिथेच थांबा’ म्हणेल, त्याच्या जागी ते बरोबरही आहे, पण त्या चार दिवसांचे तुम्हाला काय मिळणार हे आधी लिहून घ्या. डिझेल तुमचं आणि निर्णय त्याचा, अशी ऑफर आली तर मी पुढे बोलत नाही.

चौथं पाऊल: तीन महिन्यांच्या सेटलमेंट मागा

‘आमच्या जोड्या आठवड्याला इतके कमावतात’ हे वाक्य सगळेच म्हणतात. ते ऐकून घ्या आणि त्याच ट्रकच्या सलग तीन महिन्यांच्या सेटलमेंट, म्हणजे पैशांच्या हिशेबाचे कागद, मागा. आधीच्या ड्रायव्हरांची नावं झाकून दिल्या तरी चालतील. सलग हवेत, निवडक आठवडे नकोत.

कागद हातात आला की खालचा मोठा आकडा आधी वाचू नका. एकेक ओळ घ्या: कुठून कुठे, भरलेले मैल, रिकामे मैल, भाडं, सरचार्ज, थांबल्याचे पैसे. दोन लोडमधल्या तारखा बघा. ११ तारखेला उतरवलं आणि पुढचा लोड १५ ला, तर मधले दिवस ट्रक स्टॉपवर गेलेत. मग तीन महिन्यांत जोडीच्या हातात पडलेली एकूण रक्कम एकूण मैलांनी भागा, आणि एकदा एकूण दिवसांनी भागा. भरलेल्या मैलाचा दर ऐकायला भारी असतो, पण पोट एकूण मैलांवर चालतं. दिवसाचा आकडा दोघांत वाटून बघा आणि मग तुमच्या सध्याच्या पगाराशेजारी ठेवा.

कपातींचा रकाना खाली बारीक अक्षरात असतो. टॅबलेटचं भाडं, ऑक्युपेशनल ॲक्सिडेंटचा (कामावरच्या अपघाताचा) विमा, एस्क्रो (राखून ठेवलेली अनामत), टोल, कधी परमिट. ट्रकचा हप्ता, नंबरपाटी, विमा, टायर, दुरुस्ती हे मालकाच्या हिश्शातून गेलं पाहिजे. त्यासाठीच तर तो चाळीस घेतोय. डिझेल कार्डावर पंपावर मिळणारी सूट कोणाला जाते तेही विचारा, साठवाल्यांसाठी ती रक्कम छोटी नसते.

कॅरियरने ट्रकमालकाला, लोडचे कागद पोचल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावेत असा संघीय नियम आहे. त्यामुळे महिन्याने देतो म्हणणाऱ्या मालकाला कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सेटलमेंट दाखवायलाच जो तयार नाही, त्याच्याकडे जाऊ नका. याला माझ्याकडे अपवाद नाही.

पाचवं पाऊल: ट्रक डोळ्यांनी बघा, आणि एकदा मागे झोपून बघा

फोटोवर ठरवू नका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) शेवटचा कधी साफ केला, रिजेन (ती काजळी जाळून टाकणं) किती वेळा मागतो, ऑइल किती मैलांनी बदललं याच्या पावत्या बघा. मैलांसोबत इंजिनचे तासही वाचा. मैलांच्या मानाने तास फार असतील तर ट्रक उभ्या-उभ्या चालू राहिलाय.

यावरून जनरेटर किंवा एपीयूचा (इंजिन बंद असताना ऊब आणि वीज देणारं छोटं यंत्र) प्रश्न येतो. तो नसेल किंवा बिघडलेला असेल तर जानेवारीत ओहायोमध्ये रात्रभर इंजिन चालू ठेवावं लागतं. मोठं इंजिन उभ्याने तासाला पाऊण गॅलनच्या आसपास पितं. दहा तासांचे तीस डॉलर, तेही लोड नसलेल्या दिवशी, आणि साठ-चाळीसमध्ये ते तुमचे. ‘एपीयू लवकरच दुरुस्त करून घेऊ’ हे आश्वासन मी दुरुस्ती झाल्यावरच खरं मानते.

माल किती पेलतो तेही तपासा. स्लीपर जितका ऐसपैस तितका जड, आणि तेवढा माल कमी. रिकामा ट्रक काट्यावर घालून वजन घ्या आणि कायदेशीर किती पौंड भरता येतात ते काढा. लिफ्टगेट (माल वर-खाली करणारी मागची फळी) आहे का, बॉक्समध्ये पट्टे आणि बार पुरेसे आहेत का, हे बघा. कॅलिफोर्नियाचे लोड घ्यायचे असतील तर इंजिन २०१० किंवा त्यानंतरच्या मॉडेलचं लागतं.

आणि मालकाला सांगा की आम्हाला तासभर चालवून बघायचंय. एकाने चालवावं, दुसऱ्याने मागे बंकवर आडवं व्हावं, पट्टा लावून. पुलाच्या सांध्यांवरून जाताना पाठ गादीवरून उचलली जाते का? कपाटाची दारं वाजतात का? पडदा ओढल्यावर समोरच्या गाड्यांचे दिवे आत येतात का? आमच्या पहिल्या ट्रकचं मागचं सस्पेन्शन इतकं कडक होतं की इंडियानातल्या रस्त्यांवर नवऱ्याचा डोळा लागायचा नाही, आणि पहाटे तीनला चाक त्याच्या हाती द्यायला माझा जीव धजत नसे. झोप न होणारी जोडी ही दोन थकलेल्या ड्रायव्हरांची जोडी आहे. या एका गोष्टीसाठी आम्ही नंतर चांगल्या टक्केवारीची एक ऑफर सोडली.

सहावं पाऊल: कमाई दोघांच्याही नावावर

बहुतेक मालक पगारी नोकर म्हणून न घेता १०९९ वर (स्वतंत्र कंत्राटदाराच्या कमाईचा कर-फॉर्म) पैसे देतात. म्हणजे कर कापला जात नाही, १५.३ टक्के स्वयंरोजगार कर आणि वर आयकर तुम्ही तिमाही हप्त्यांनी भरायचा. उलट बाजूने, घराबाहेरच्या दिवसांचा जेवणखर्च प्रवासी दराने दाखवता येतो: ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकेत दिवसाला ८० डॉलर, त्यातला ८० टक्के भाग वजा करता येतो. ट्रकिंग कळणारा करसल्लागार गाठा.

पण मला कळकळीने सांगायचंय ते वेगळं. मालक सोयीसाठी सगळी रक्कम एकाच्या, बहुधा नवऱ्याच्या नावावर काढतात. कराच्या अर्जातही ती एकाचीच दाखवली गेली तर दुसऱ्याच्या सोशल सिक्युरिटी खात्यावर काहीच जमा होत नाही. स्वतःच्या कमाईवर पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षं. भारत-अमेरिकेत याबाबत परस्पर करार नाही, त्यामुळे भारतात केलेल्या नोकरीची वर्षं इथे धरली जात नाहीत. चाळिशीत इथे आलेल्या बाईचं एकेक वर्ष मोलाचं आहे. अर्धं अंतर तिने चालवलं असेल तर अर्धी रक्कम तिच्या नावाने निघाली पाहिजे. दोन वेगळे १०९९ मागा आणि ते करारात लिहून घ्या.

सातवं पाऊल: आधीच्या जोडीशी बोला, मग सही

सध्या चालवणाऱ्या जोडीचा नंबर मालक आनंदाने देतो. सोडून गेलेल्या जोडीचाही मागा. त्यांना तीनच प्रश्न विचारा: पैसे ठरल्या दिवशी यायचे का, रात्री ट्रक बंद पडला तेव्हा मालकाने फोन उचलला का, एस्क्रो परत मिळाला का.

करारात टक्केवारी, सरचार्ज, रिकामे मैल, बंद पडल्यावर हॉटेल कोणाचं, किती डॉलरपर्यंतची दुरुस्ती न विचारता करायची, अपघातातली विम्याची पहिली रक्कम कोण भरणार, आणि किती दिवसांच्या सूचनेवर सोडता येईल, हे सगळं हवं. एस्क्रोची रक्कम, तिच्यातून कशासाठी कापता येईल आणि किती दिवसांत परत मिळेल, हे आकड्यांत.

आमच्या एका मालकाने निघताना एस्क्रोतून बॉक्सच्या कोपऱ्यातला पोचा आणि सफाई यांचे पैसे कापले होते. पोचा आम्ही ट्रक घेतला तेव्हापासून होता, पण आमच्याकडे पुरावा नव्हता. आता किल्ली हातात घेतल्यावर सामान चढवायच्या आधी आम्ही ट्रकभोवती फोन घेऊन एक पूर्ण फेरी मारतो: चारही कोपरे, टायर, मायलेज, इंजिनचे तास, गादीखालचा कप्पा. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवतो आणि त्याचं ‘मिळालं’ असं उत्तर आल्यावर पहिला लोड घेतो.