हलका रॉड घेताना या चुका टाळा

पाऊस सरून कृष्णेचं पाणी निवळलं की हरिपूरच्या संगमावर मासे धरायचे नवेकोरे रॉड दिसायला लागतात. पुढच्या पंधरा दिवसांत त्यातले काही माझ्या पडवीत येतात. मी हौसेनं गाइड, म्हणजे दोरा ओवायच्या कड्या, बांधून देतो, म्हणून. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "काका, माल खराब निघाला." मालाचा दोष क्वचितच असतो.

पहिली चूक दुकानात होते. दोन रॉड हातात घ्यायचे, पंख्यासारखे हलवायचे आणि जो कडक वाटेल तो उचलायचा. रीळ नाही, दोरा नाही, वजन नाही, मग कळणार काय? माझ्या भाच्यानं असाच एक आणला. दोन्ही रॉडवर 'लाइट' छापलेलं, म्हणून त्याला दोन्ही सारखेच वाटले. पण या शब्दाला कंपन्यांमध्ये सामाईक माप नाही. एकीचा लाइट दुसरीच्या मीडियम लाइटइतका ताठ असू शकतो. चिलापी माशासाठी त्यानं २ ग्रॅमचं जिग, म्हणजे वजन असलेला गळ, बांधलं. रॉड वाकेचना, जिग दहा हातांवर पडायचं. थोडं थांबून विचार करावा, तर नाही. गडी जोर वाढवत गेला. पातळ ब्रेडेड (विणलेल्या) दोऱ्याचा वेढा शेंड्याच्या गाइडला बसला, ते न बघता त्यानं आणखी एक सणसणीत फटका मारला आणि चार बोटं शेंडा जिगासकट नदीत गेला. वर मलाच म्हणतो, "मामा, कार्बन कच्चा होता."

रॉडवर फेकायच्या वजनाचा पट्टा लिहिलेला असतो, तो आधी वाचा. तो बऱ्याचदा औंसात असतो: १/१६ म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, १/८ म्हणजे साडेतीन, १/४ म्हणजे सात. तुम्ही रोज जे वजन फेकणार, ते या पट्ट्याच्या मधोमध यायला हवं, कडेला नको.

पॉवर आणि ॲक्शन यांची खिचडी तर सगळेच करतात. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर, कुठून वाकतो ती ॲक्शन. 'फास्ट' म्हणजे ताकदवान नव्हे आणि लांब फेकणाराही नव्हे. तो शेंड्याकडून वाकतो, एवढंच. माझी पद्धत गावठी आहे. सारख्या लांबीचे दोन रॉड आडवे धरायचे आणि दोन्हींच्या शेंड्याला वाण्याकडचं शंभर ग्रॅमचं माप आळीपाळीनं टांगायचं. शेंडा किती खाली गेला त्यावरून पॉवर कळते, बाक कुठून सुरू झाला त्यावरून ॲक्शन. दुकानदार हसतो. हसू द्या.

कार्बनचा टनाचा आकडा ताठपणाचा असतो, मजबुतीचा नाही. तोल बघायचा तर रीळ लावूनच बघा, आणि असल्या रॉडला १००० ते २००० आकाराचं रीळ पुरतं. ४००० चं लावून "हात दुखतो" म्हणू नका.

दुसरी चूक काठावरची, आणि हिच्यावर माझा खास राग आहे. मासा पायाशी आला की लोक रॉड सरळ डोक्यावर नेतात, वर माशाला लटकवून उचलतात. मग सगळा भार शेंड्याच्या बारीक भागावर येतो. पाव किलोच्या चिलापीनंही रॉड मोडलेला मी पाहिलाय. रॉड तिरपा ठेवा, हातजाळी वापरा. ती घ्यायला पैसे नसतात, पण तिसरा रॉड घ्यायला असतात!

ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तसा दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक, अंदाजानं पिळू नका. सहा पौंडांचा ताण झेलणाऱ्या दोऱ्याला मी तो ताणकाट्यावर साधारण ७०० ग्रॅमला सुटेल असा लावतो.

रॉडच्या तुकड्यांचा जोड सैल झाला तर टेप गुंडाळू नका, मेणबत्तीचं मेण चोळा.

आणि नदीकाठच्या पाण्याच्या मोटारींच्या विजेच्या तारांखाली रॉड उभा करून चालू नका. कार्बनमधून वीज वाहते. हे मात्र मी कुणाला दोनदा सांगत नाही, हातातला रॉडच काढून घेतो.

भाच्यानं आता दुसरा रॉड घेतलाय, मापं टांगून. वाण्याचं माप अजून परत दिलेलं नाही.