लाँचने जायच्या गावात सांडपाण्याचं काम, नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

सिव्हिल डिप्लोमा झाल्यावर मी गावांच्या सांडपाण्याच्या कामाला कंत्राटी म्हणून लागलो. पहिलीच गावं मिळाली कांदाटी खोऱ्यातली, म्हणजे कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडची. तापोळ्याहून लाँच पकडायची आणि पुढे चालत. या क्षेत्रात येणारी मुलं विचारतात की सांडपाणी शुद्ध करायचा कुठला प्लांट शिकू, म्हणून लिहितोय.

अशा गावात प्लांट चालत नाही हे आधी डोक्यात घ्या. एरवी गावात पन्नास-साठ माणसं, बहुतेक म्हातारी, आणि गणपतीला, शिमग्याला मुंबईकर आले की एकेका घरात पंधरा जण. एअरेशनवाल्या टाकीत, म्हणजे हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववतात त्या टाकीत, जिवाणू वर्षभर उपाशी आणि चार दिवस अजीर्ण, वर लाईट गेली की हवा सोडणारा ब्लोअर बंद. त्यात घरं उतारावर लांब लांब, मग गटार बांधून पाणी एकत्र करायचं तरी कशाला? ज्याचं पाणी त्याच्याच परसात जिरवायचं, शोषखड्ड्यात, म्हणजे दगडगोटे भरलेल्या खड्ड्यात, नाहीतर चरात.

हिशोब सोपा आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे पाच माणसांच्या घराचे २२० लिटर. पण हा कागदावरचा हिशोब. तिथली माती किती पाणी पिते ते बघायला जागेवर एक फुटाचा खड्डा काढा, रात्री पाणी भरून भिजू द्या, सकाळी परत भरून अर्ध्या तासात किती उतरतं ते पट्टीने मोजा. आणि हे उन्हाळ्यात करून खूश होऊ नका, तिकडे पावसाळ्यात जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की खोल खड्डा खालूनच भरतो, त्यामुळे उथळ आणि लांब चर काढलेला बरा. पिण्याचा झरा कुठे आहे ते गावातल्या बाईमाणसाला विचारा, खड्डा कधीही झऱ्याच्या वरच्या अंगाला घ्यायचा नाही. यात तडजोड नाही.

माझा पहिला शोषखड्डा दोन महिन्यांत तुंबला. माप बरोबर होतं, दगडगोटे नीट भरलेले, तरी पाणी वर. त्या घरच्या आजींसमोर झाकण काढलं तर करडा, तुळतुळीत थर, बोटाने उचलला तर साबणात मळलेल्या पिठासारखा. राख! भांडी राखेने घासतात, ती सगळी दगडांच्या फटीत जाऊन बसलेली. आजी म्हणाल्या, "पोरा, आधी सांगितलं असतंस तर ताटं अळवात झाडली असती." मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून खड्ड्याआधी छोटी गाळटाकी आणि जाळी असल्याशिवाय मी काम सुरूच करत नाही. टाकी इतकीच मोठी, की आजींना वाकून तांब्याने गाळ काढता आला पाहिजे. खड्ड्याला पैसे कमी पडले तर चालेल, गाळटाकीला नाही.

संडासाचं पाणी यात सोडायचं नाही, ते दोन खड्ड्यांच्या शौचालयात वेगळं. तिथे एक चूक सारखी दिसते, गवंडी दोन्ही खड्ड्यांकडे पाणी नेणारी तोंडं उघडी ठेवतो. एक विटेने बंदच पाहिजे, पहिला भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं आणि पहिल्याला किमान दीड-दोन वर्षं विश्रांती, तेव्हा कुठे त्याचं खत होतं. आणि सेप्टिक टँकमध्ये स्वतः उतरू नका, कुणाला उतरवूही नका, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि आतला वायू क्षणात माणूस आडवा करतो.

पगाराचं खरं सांगतो, अकरा महिन्यांचं कंत्राट, एकदा चार महिने पगार थकला होता. लाँच शेवटची गेली की मुक्काम कुणाच्या तरी ओसरीवर. तरी ज्याला हे काम मनापासून करायचंय त्याने एक पावसाळा अशा गावात काढावाच.

आजींच्या घरी नवा चर काढला त्याच्या कडेने आता कर्दळ आणि अळू आहे, आणि मागच्या खेपेला निघताना त्यांनी वडीसाठी पानं बांधून दिली.