एमएचए की एमबीए? आधी आय-ट्वेंटीवरचा कोड बघा

दर ऑगस्टला आमच्या महाराष्ट्र मंडळात काही नवे चेहरे येतात. कुणी बीडीएस, कुणी बीएचएमएस, कुणी फिजिओ, आणि सगळे हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकायला अमेरिकेत आलेले. घर मिळालं का, थंडीचे कपडे आहेत का, हे बाकीचे विचारतात. मी विचारते, ‘आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या फॉर्मवर, अभ्यासक्रमापुढे कोणता कोड छापलाय?’ बहुतेकांनी तो बघितलेलाही नसतो.

एमएचएचा, म्हणजे मास्टर ऑफ हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा, नेहमीचा कोड 51.0701. तो स्टेमच्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या विषयांच्या, सरकारी यादीत नाही. म्हणजे पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे, 12 महिने मिळाले की विषय संपला. एखाद्या विद्यापीठाचा हेल्थकेअर एमबीए 52.1301, म्हणजे मॅनेजमेंट सायन्सखाली नोंदलेला असेल, तर आणखी 24 महिने मिळू शकतात. त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत, असावी लागते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीसाठी नाव वर्षातून एकदाच, मार्चमध्ये नोंदवता येतं, त्यामुळे एक वर्ष हातात असणं आणि तीन असणं यात किती फरक पडतो ते तुम्हीच बघा. कोल्हापूरकडची एक हुशार मुलगी घर तारण ठेवून आली होती. नोकरीही चांगली लागली, पण लॉटरीत नंबर लागला नाही आणि वर्ष संपताच डोक्यावरच्या कर्जासकट परत गेली. एजंटने तिला रँकिंगचे रंगीत तक्ते दाखवले होते, कोडबद्दल मात्र चकार शब्द काढला नव्हता. विद्यापीठाने ‘आमचा कोर्स स्टेम आहे’ असं कळवलं तरी आकडा लेखी मागा आणि डीएचएसच्या (इथल्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या) यादीत स्वतः पडताळून बघा. व्हिसाची फी त्यानंतर भरा.

म्हणून एमएचए घेऊच नका असं मी म्हणत नाही. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ना-नफा हॉस्पिटलांना लॉटरीचं बंधन नसतं, ती वर्षभरात केव्हाही एच-वन-बीचा अर्ज करू शकतात. मंडळातल्या आयटीवाल्या काकांना हे ठाऊक नसतं, कारण त्यांच्या धंद्यात त्याची गरज पडत नाही. काका मायाळू आहेत, जेवायला जरूर जा, पण ‘कन्सल्टन्सीत (दुसऱ्या कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीत) नाव घाल’ हा सल्ला ताटाबरोबर तिथेच ठेवून या. एवढं मात्र लक्षात ठेवा की अशा हॉस्पिटलातून पुढे खासगी कंपनीत जायचं झालं, तर लॉटरी पुन्हा आलीच.

एमएचएचा खरा फायदा म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह फेलोशिप. वर्ष-दोन वर्षं थेट वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम मिळतं. दोन वर्षांच्या कोर्सला असाल तर पहिलं वर्ष संपल्यावरच्या उन्हाळ्यात अर्ज सुरू होतात. आपली मुलं शेवटच्या सेमिस्टरला जागी होतात, तोवर जागा भरलेल्या असतात. बऱ्याच ठिकाणी ‘व्हिसा स्पॉन्सर करत नाही’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा निबंध लिहायला बसण्याआधी एक ईमेल टाकून विचारून घ्या. कॉलेज निवडताना एमएचएला केहमीची (CAHME, हेल्थकेअर मॅनेजमेंटचे कोर्स तपासणारी संस्था) मान्यता आहे का ते बघा, एमबीएला एएसीएसबीची (बिझनेस स्कूल तपासणारी संस्था).

आता पैशाचं. आपल्याकडे नातेवाईक काउंटरवर डिपॉझिट भरतात आणि बिल दिवसागणिक वाढतं. इथे मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, 1983 पासून दाखल रुग्णाच्या आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम देतं, मग तो चार दिवस राहो की सात. वाढलेल्या दिवसांचा भुर्दंड बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या माथी. हे वर्गात शिकवतात, पण समजतं ते वॉर्डातल्या सकाळच्या हडलमध्ये, म्हणजे उभ्या उभ्या होणाऱ्या छोट्या बैठकीत. फळ्यासमोर सगळे उभे असतात. चार्ज नर्स भराभर सांगत जाते: बारा नंबरचे आजोबा कालपासून घरी जायला तयार आहेत, पण नर्सिंग होमला (इथे हॉस्पिटलनंतर देखभालीसाठी राहायचं केंद्र) विम्याची मंजुरी आलेली नाही; चौदा नंबरच्या बाईंना न्यायला मुलगी पाच वाजता सुटल्यावर येणार; नऊ नंबरची औषधं फार्मसीत अडकलीत. इमर्जन्सीत खाटेसाठी माणसं ताटकळत का बसतात, याचं उत्तर त्या फळ्यावर असतं. आपल्याकडून डॉक्टर होऊन आलेले मॅनेजमेंटचे इंटर्न मात्र हाताची घडी घालून मागे उभे राहतात, कारण बोलणारी नर्स असते. ही सवय विमानातच टाकून या. इथे अनेक मोठ्या हॉस्पिटलांच्या प्रमुखाच्या खुर्चीवर एकेकाळच्या नर्सच बसलेल्या आहेत.

इथला परवाना नसताना हॉस्पिटलच्या ईमेलखाली ‘डॉ.’ लिहू नका. रुग्णांचा गैरसमज होतो, आणि कम्प्लायन्सवाले (नियम पाळले जातात का ते बघणारे) बोलावून घेतात ते वेगळंच. मुलाखतीत मात्र ओपीडीची गर्दी कशी सांभाळलीत ते खुशाल सांगा, ते ऐकायला त्यांना आवडतं.

पैसे वाचवायला विद्यापीठाचा आरोग्य विमा सोडू नका. जाड कोट इथेच घ्या, कुकर तिकडून आणा.

रेझ्युमे दाखवायचा असेल तर हॉस्पिटलात काम करणाऱ्यालाच दाखवा. आमच्या मंडळात एक ताई बिलिंगमध्ये आहेत, एक दादा क्वालिटीत. दोघेही गणपतीत स्वयंपाकघरातच सापडतात, आरतीनंतर गाठा.