फंक बेस शिकताना: आधी अंगठा, मग सूर

गावात ड्रमर मिळणं कठीण, आणि फंक या ठेकेदार अमेरिकी संगीतात बेस गिटार अंगठ्याने हाणून वाजवायची पद्धत अशाच अडचणीतून सुरू झाली. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईसोबत ड्रमरविना वाजवायचा. जाड तारेवर अंगठा हाणून त्याने बास ड्रमची (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमची) जागा भरली, बारीक तार बोटाने ओढून स्नेअरची (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमची). म्हणून हे वाद्य ढोलकीसारखं शिका. सुरांची घाई नको.

अंगठ्याच्या सांध्याचं हाड शेवटच्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तारेवर मारा. जोर मनगट फिरवून येतो, खांद्यातून नाही. अंगठा तारेवर दाबून राहिला की आवाज मरतो. तो लगेच उसळला पाहिजे. ई तारेचा (सर्वांत जाड) तिसरा फ्रेट अंगठ्याने, डी तारेचा (जाडीकडून तिसरी) पाचवा तर्जनीने ओढून: तोच स्वर, एक सप्तक वर. सुरुवातीला एवढंच पुरे.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्यात ता-का-धि-मि म्हणा. पहिल्या मात्रेवर ठाम वाजवा, मग जागा रिकामी सोडा. १९७० मध्ये बेसवादक बुट्सी कॉलिन्स फंक गायक जेम्स ब्राऊनच्या बँडमध्ये गेला, तेव्हा ब्राऊनने त्याच्याकडून हाच पहिल्या मात्रेचा आग्रह घोटून घेतला. भजनात समेवर अचूक येणाऱ्याला हे लवकर साधतं. मधले मुके (सूर न निघणारे) ठोके वाजवताना डाव्या हाताची किमान दोन बोटं तारेवर नुसती टेकवा. एकच टेकवलं तर काही जागी घंटीसारखा स्वर निघतो.

मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. लाकूड सुकतं, बेसची मान सरळ होते, पहिल्या फ्रेटांवर तार खरखरते, फ्रेटची टोकं हाताला टोचतात. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे ०.३ मिलिमीटर फट हवी. फट कमी असेल तर ट्रस रॉड (मानेतली ताण देणारी लोखंडी सळई) पाव फेरा सैल करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. बेस कुलरसमोर ठेवू नका. पावसाळ्यात उलट होतं, तेव्हा रॉड थोडा आवळा.

मंडपात अर्थिंग बहुधा कच्चं असतं. गाणार असाल तर आधी माइकची जाळी आणि बेसचा ब्रिज (तारा अडकवायचा धातूचा भाग) विजेच्या टेस्टरने तपासा. दिवा लागला तर अँप बंद करून अर्थिंग नीट करायला लावा. अँपच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका, जिवावर बेतू शकतं.

कमाईसाठी लग्नातले ऑर्केस्ट्रा बघा. पूर्व विदर्भात असाल तर दिवाळीनंतर तिथल्या झाडीपट्टी भागातल्या नाटकांचा हंगाम असतो, त्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक मंडळांना भेटा. नाटकं रात्रभर चालतात, त्यामुळे जास्तीची ई आणि जी तार, बेस बॅटरीवर चालणारा असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन केबल सोबत असू द्या.