कराचीत नव्यानं येताय? आधी पाण्याचं विचारा

कराचीत घर बघायला गेलात की भाड्याची बोलणी करण्याआधी एक प्रश्न विचारा: "लाइन का पानी कितने दिन बाद आता है?" उत्तर "रोज" असं आलं, तर शेजारचं दार वाजवून तोच प्रश्न पुन्हा विचारा. जुन्या कराचीच्या दोन वेशींची नावंच खारादर आणि मिठादर. एक खाऱ्या पाण्याच्या बाजूची, दुसरी गोड्या. शहर पसरत कुठल्या कुठे गेलं, तरी पाण्याचे प्रकार तेच दोन राहिले. "मीठा" म्हणजे नळाचं किंवा टँकरचं गोडं पाणी. "खारा" म्हणजे बोअरिंगचं, ज्यात साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरे डाग पडतात. काही इमारतींत दोन्हींचे नळ वेगळे असतात. कोणता कुठला हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नाहीतर डाळ शिजता शिजणार नाही.

बहुतेक घरांत जमिनीखाली एक टाकी आणि गच्चीवर दुसरी असते. नळाच्या पाण्याला जोर नसतो, ते मोटरनं ओढावं लागतं. पाणी आलं नसताना मोटर चालू ठेवली की ती हवा धरते, तापते आणि जळते. म्हणून आधी वाहिनीचा कॉक उघडून कानानं ऐका. सुसू आवाज म्हणजे नुसती हवा. पाणी लागल्यावर आवाज जड होतो, तेव्हाच बटण दाबा.

टँकर मागवताना "मीठा" हा शब्द स्पष्ट सांगा. हजार गॅलनचा टँकर म्हणजे साधारण साडेचार हजार लिटर. चार माणसांनी जपून, दिवसाला पाचशे लिटर वापरलं तर नऊ दिवस पुरतो. पाइप टाकीत सोडू देण्याआधी पेलाभर पाणी घ्या, जिभेला लावा, तळहातावर साबण चोळा. फेस आला नाही तर तिथेच परत पाठवा, कारण गोड्या पाण्यात एकदा खारं मिसळलं की सगळी टाकीच बिघडते. टाकीत काठी घालून आधीची आणि नंतरची पातळीही बघा. टँकर अर्धवट रिकामा करून निघून जाणं ही इथली जुनी तक्रार आहे.

पिण्यासाठी १९ लिटरची बाटली बऱ्याच घरांत येते. पण धोका फक्त पोटाचा नाही. उन्हाळ्यात कराचीत नेग्लेरिया या अमीबामुळे माणसं दगावतात. तो नाकातून मेंदूत शिरतो, पाणी प्यायल्यानं नाही. म्हणून टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाका आणि वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड धुताना, नाकात घ्यायचं पाणी उकळून गार केलेलंच वापरा. जलनेती करणाऱ्यांनी तर हे कधीच टाळू नये. जमिनीखालची टाकी वर्षातून दोनदा रिकामी करून घासून घ्या.

गॅस रात्री बंद होतो आणि पहाटे परत येतो. दिवसाही दाब कमी-जास्त होत राहतो, म्हणून एक छोटा सिलिंडर घरात असलाच पाहिजे. मध्येच गॅस गेला तर शेगडीचा खटका लगेच बंद करा. उघडा राहिला तर पहाटे गॅस परत आल्यावर घर भरतं. विजेच्या बिलात मात्र एक खुबी आहे. सलग सहा महिने २०० युनिटच्या आत राहणारं घर 'प्रोटेक्टेड' गटात येतं आणि त्याचा दर बराच कमी असतो. एका महिन्यात २०१ युनिट झाले की गट सुटतो आणि परत मिळवायला पुन्हा सहा महिने थांबावं लागतं. म्हणून मीटरचा आकडा दर आठवड्याला लिहून ठेवा. महिन्याअखेरी एक रात्र एसी न लावल्यानं पुढच्या सहा महिन्यांचे पैसे वाचू शकतात.

घर बघताना 'गज' हा शब्द सतत कानावर पडेल. १२० गज, २४० गज म्हणजे तेवढे चौरस यार्ड. 'पोर्शन' म्हणजे बंगल्याचा एक मजला. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. ती दिल्याची पोच घरमालकाकडून मागून घ्या.

बाहेरून आणलेला मोबाइल इथल्या सिमवर कायम चालत नाही. आल्यापासून ६० दिवसांत त्याची नोंद करून कर भरला नाही, तर तो बंद पडतो. थोड्या दिवसांसाठी आलेल्यांना तात्पुरती नोंदणी मिळते. सिम घेताना अंगठ्याचा ठसा लागतो, तो दुकानातल्या कुठल्याही यंत्रावर देऊ नका, कंपनीच्या केंद्रातच द्या. सिग्नलला गाडीच्या उघड्या खिडकीत फोन धरू नका. कुणी मोटरसायकलवरून येऊन मागितला तर देऊन टाका, वाद घालू नका. ही गोष्ट घरातल्या मुलांनाही स्पष्ट सांगून ठेवा.

भारतीय पासपोर्टवर येणं २०२५च्या एप्रिलपासून फारच अवघड झालं आहे. त्या पासपोर्टवरचा व्हिसा ठरावीक शहरांपुरताच असतो आणि पोहोचल्यावर पोलिसांकडे नोंद करावी लागते. ज्यांची कुलदेवता हिंगलाज आहे त्यांनी लक्षात ठेवावं की ते देवस्थान बलुचिस्तानात आहे. कराचीचा व्हिसा तिथे चालत नाही.

आता माणसांबद्दल. मराठी घरात आईला 'तू' म्हणतात, त्या सवयीनं इथे घात होतो. मुंबईची हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडून "तू बैठ" सहज निघतं. उर्दू घरात आईलाही 'आप'च म्हणतात. मोठ्यांशी, अनोळखी माणसाशी, दुकानदाराशी, अगदी रिक्षावाल्याशीही 'आप' ठेवा. थोड्या मोठ्या बाईला 'बाजी', वयस्कर बाईला 'खाला' किंवा 'आंटी' म्हणा. 'मासी' मात्र म्हणू नका. आपल्याकडे कामवाल्या बाईंना 'मावशी' म्हणतात, तसंच इथे 'मासी' हा शब्द घरकाम करणाऱ्या बाईंसाठी रूढ झाला आहे. कुणाच्या सासूबाईंना तशी हाक मारलीत तर सगळी बैठक गप्प होईल. पुरुषांनी बाईसमोर हात पुढे करू नये. छातीवर हात ठेवून सलाम केला की पुरे. कुणाच्या पत्नीचं नाव विचारू नये, "घर में सब खैरियत?" एवढं विचारलं की त्यात सगळे आले.

पाहुणे म्हणून गेल्यावर दिवाणखान्याच्या दारातच थांबा. आत बायका आवराआवर करत असतात, त्यांना तेवढा वेळ मिळतो. चहाला पहिल्यांदा "तकल्लुफ मत कीजिए" म्हणायचं, दुसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचा. तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर यजमान खरंच दुखावतात. शाकाहारी असाल तर आमंत्रण मिळालं त्याच दिवशी सांगा. ताटावर बसल्यावर सांगितलं तर यजमानीणबाईंची कुचंबणा होते, कारण इथे भाजीतही गोश्त पडलेलं असतं.

लग्नपत्रिकेवर आठ लिहिलेलं असेल तर साडेनऊच्या आधी निघू नका. जेवण अकराच्या पुढे वाढतात, म्हणून मुलांना घरी खाऊ घालून न्या. मायूं (हळद), मेहंदी, बारात आणि वलीमा (वराकडची मेजवानी) असे चार दिवस असतात. चारही दिवस जाणं जमणार नसेल तर वलीम्याला जरूर जा आणि पाकिटात सलामी, म्हणजे आहेराचे पैसे, द्या.

मयताच्या घरी पहिल्या तीन दिवसांत जायचं. त्या घरात चूल पेटत नाही, जेवण शेजारी पाठवतात. तुम्हीही पाठवू शकता, पण कधी आणि किती हे आधी विचारा, कारण एकाच दुपारी पाच घरांची देगची येऊन पडते. जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली असते, मध्ये खजुराच्या बियांचा ढीग. बायका एकेक बी उचलून, दुआ पुटपुटत दुसरीकडे ठेवत असतात. तुम्हाला ती दुआ म्हणता येत नसेल तर डोकं झाकून शांत बसा. कुणी काही म्हणत नाही. फुलं नेऊ नका.

रमजानात दिवसा उघड्यावर खाणं-पिणं कायद्यानंच मना आहे, १९८१ पासून. इफ्तारच्या आधीचा पाऊण तास रस्त्यावर जाऊ नका, तेव्हा सगळं शहर एकदमच घराकडे धावतं. शेजारून पकोडे, फ्रूट चाट, दहीबडे येतील. ताटली रिकामी परत करायची नाही, ही कोकणातली रीत इथेही तशीच आहे. परत करताना फळं ठेवावीत, म्हणजे कुणाच्याच मनात किंतू राहत नाही.

मराठीचा अगदीच दुष्काळ नाही. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. बंदर रोडवरची, म्हणजे आताच्या एम. ए. जिना रोडवरची, १८५५ सालची सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावानं अजून चालते. कोकणी मुसलमानांची कोकण सोसायटी आहे. मोजकी मराठी हिंदू घरं दरवर्षी गणपती बसवतात. क्लिफ्टनच्या रत्नेश्वर महादेवाला महाशिवरात्रीला गेलात तर ओळखी होतील. या घरांतल्या माणसांचे फोटो मात्र न विचारता कुठेही टाकू नका. मासळीबाजारात तर भाषेची अडचणच नाही, तिथे पापलेटला पापलेट आणि सुरमईला सुरमईच म्हणतात. फक्त जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फातला जुना माल ताजा म्हणून गळ्यात पडतो. गलफडं उघडून लाल आहेत का बघितल्याशिवाय घेऊ नका.

मोहरमच्या नवव्या-दहाव्या दिवशी निश्तर पार्कपासून खारादरपर्यंत मिरवणूक असते. आजूबाजूच्या गल्ल्यांची तोंडं कंटेनर लावून बंद करतात, मोटरसायकलवर डबल सवारीला बंदी येते आणि मोबाइल सेवाही बऱ्याचदा बंद ठेवतात. दोन दिवसांचं दूध, औषधं आणि रोख पैसे सातव्याच दिवशी आणून ठेवा. रत्नागिरीला किंवा मुंबईला आईला आधीच कळवा की दोन दिवस कदाचित फोन लागणार नाही.